निकिताचा डावा पाय

कळंबच्या थांब्यावर फ्लेक्स लागला तेव्हा पिंकी बारामतीत, कपड्याच्या कारखान्यात मशीनवर बसली होती. फ्लेक्स कमानीला नीट बांधूनही झाला नव्हता, तोवर त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर आला. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो उघडला आणि डब्यातली भाकरी तशीच राहिली.

'संघमित्रा महिला कबड्डी संघ, कळंब. जयंतीनिमित्त माजी खेळाडूंचा सत्कार व प्रेक्षणीय सामना.' मधोमध निकिता. खाकी वर्दी, खांद्यावर तारे, चांगली माणसाच्या उंचीची. तिच्या पायाशी ओळीनं गोल काढलेले आणि त्या गोलांत संघातल्या बाकीच्या पोरी. पोरी कसल्या, सगळ्या आता बायाच. पिंकीचा खेळतानाचा फोटो कुणाला सापडला नव्हता, म्हणून लग्नातला घातला होता. पांढरी साडी, केसांत फुलं, आणि कापायचा राहून गेलेला नवऱ्याचा अर्धा खांदा.

संध्याकाळी तिनं फोन नवऱ्यापुढं धरला. सुयश एका पतसंस्थेत नोकरीला, स्वभावानं थंड. त्यानं फोटो मोठा करून बघितला.

"खांदा चांगला आलाय माझा," तो म्हणाला.

पिंकीनं फोन हिसकावून घेतला. त्या रात्री भाजीत मीठ जास्त पडलं आणि त्यावर सुयश काही बोलला नाही, यावरून माणूस किती शहाणा आहे ते कळावं.

आता उगाच आडपडदा कशाला ठेवायचा. पिंकी जळत होती. आजकालची नव्हे, संघ बंद पडल्यापासूनची. निकिता पोलिसात लागली तेव्हा जळली, परीक्षा देऊन फौजदार झाली तेव्हा जळली, तिनं चारचाकी घेतली तेव्हा तर दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. निकिताचं स्टेटस ती रोज बघायची, पण बघितल्याचं निकिताला कळू नये म्हणून फोनमधलं ते सेटिंग तिनं कारखान्यातल्या एका पोरीकडून शिकून घेतलं होतं. इतकं करून स्टेटसवर काय, तर निकिता कुठल्याशा शाळेत मुलींना चार शब्द सांगतेय. पिंकीच्या अंगाचा तिळपापड व्हायला तेवढं पुरायचं.

पिंकीचं शाळेतलं नाव प्रियदर्शनी. वडील ज्ञानदेव कालव्यावर पाटकरी, म्हणजे कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं ते बघणारे. वस्तीत बुद्धविहारापुढं मुरमाचं मैदान होतं. शाळेतले खेळाचे मास्तर रविंद्र सर वस्तीतलेच. त्यांनी एका उन्हाळ्यात फक्कीनं रेषा आखल्या आणि पोरींना हाका मारल्या. पोरींचा कबड्डी संघ म्हणजे तेव्हा गावाला चघळायला विषय झाला. पोरी मातीत लोळणार, एकमेकींच्या अंगावर पडणार, उद्या यांना करून कोण घेणार, असं सगळं बोलून झालं. सरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर आणखी पाणी मारलं.

निकिता कालव्याच्या पलीकडच्या मळ्यातली, आबासाहेबांची लेक. त्यांची टोमॅटो-काकडी बारामतीच्या बाजाराला जायची. तिची आजी छबूबाई आधी म्हणाली, "वस्तीत कशाला जातीस गं खेळाया? आपलं अंगन काय कमी हाय व्हय?" निकितानं ऐकलं नाही. शेवटी आजी तिला ओढून न्यायला म्हणून आली, मैदानाच्या कडेला बसली, आणि नातीनं तीन जणींना शिवून परत मध्यरेषा गाठलेली बघून तंबाखूची चंची सोडून निवांत झाली. पुढं ती रोज यायची आणि पंचाला शिव्या घालायची.

निकिता चढाईला, पिंकी उजव्या कोपऱ्यावर. ज्यांनी कबड्डी खेळली नाही त्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, की चढाईवाली समोरच्या अंगणात एकटी जाते, शिवून परत पळते आणि लोक तिचं नाव घेऊन ओरडतात. कोपऱ्यावरची पोर वाकून उभी असते. चढाईवालीचा पाय आधी तिनं धरायचा, मग बाकीच्यांनी अंगावर पडायचं. धुरळा खाली बसल्यावर पाय कुणी धरला होता हे कुणी विचारत नाही. पिंकीची घोट्याची पकड अशी होती की सुटलेली कुणी पाहिली नव्हती. निरवांगीच्या स्पर्धेत त्या पकडीवर संघानं ढाल आणली, आणि मिरवणुकीत खांद्यावर घेतलं ते निकिताला. पिंकी मागून ढाल घेऊन चालली. ढाल जड होती.

तरी तेव्हा दोघींची मैत्री होती. एका डब्यात जेवायच्या, एकीचा चिवडा दुसरी संपवायची. आणि मग तो सराव झाला. निकितानं डावा पाय लांब टाकला, पिंकीनं घोटा असा आवळला की निकिता वळली पण पाय वळला नाही. गुडघा सुजून भोपळा झाला. पिंकी निकितापेक्षा जास्त रडली. रोज संध्याकाळी आंबेहळदीचा लेप घेऊन ती कालव्याचा पूल ओलांडून मळ्यात जायची. छबूबाई तिला चहा द्यायची आणि म्हणायची, "हात हायत का पकडी हायत गं तुझ्या?"

निकिता मैदानावर परतली त्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "निकिताचा डावा पाय कुणी धरायचा न्हाय. उजवाच धरायचा."

झालं, नियम पडला. पाय बरा झाला, ती त्याच पायावर उड्या मारायला लागली, शर्यतीत पोरांच्या पुढं पळायला लागली. पण नियम उठवायचं सरांच्या ध्यानात आलं नाही. आणि सरांनी घातलेला नियम आपण होऊन मोडावा, असं कळंबच्या त्या पोरींच्या डोक्यात यायची सोयच नव्हती. निकिता डावा पाय पुढं टाकायची, पिंकीचे हात निघायचे आणि वाटेतच थांबायचे. रोज असंच. अंगात मुरेपर्यंत.

मग बारामतीला जिल्ह्याची निवड चाचणी आली. तिथं कुठला गाव नि कुठला संघ, सगळ्या पोरी मिसळून दोन बाजू केल्या. निकिता एकीकडं, पिंकी दुसरीकडं. सकाळपासून पिंकीनं ज्या ज्या पोरीचा पाय धरला ती ती जमिनीवर आली. निवड समितीतल्या एकानं दुसऱ्याला तिच्याकडं बोट करून काहीतरी म्हटलेलंही तिनं पाहिलं. शेवटी निकिता चढाईला आली. सरळ उजव्या कोपऱ्यावर आली आणि तिनं डावा पाय पिंकीच्या पुढ्यात टाकला. घोटा हातभर अंतरावर होता. पिंकीचे हात निघाले, आणि थांबले.

निकिताच्या पायाचं बोट तिच्या गुडघ्याला लागलं. पिंकी बाद. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपर्यंत समितीतला तो माणूस दुसरीकडं बघायला लागला होता.

निकिता जिल्ह्याकडून राज्याला गेली, पदक घेऊन आली, आणि खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात भरती झाली. पिंकी कळंबला परत आली. घरी सांगणार काय? हात थांबले म्हणून? कुणाचा विश्वास बसला असता? "न्हाय झालं," एवढंच ती बोलली, आणि ज्ञानदेव म्हणाले, "असूं दे. जेवून घे."

पुढं संघ संपला तो हरून नव्हे, लग्नांनी संपला. एकेक पोर सासरी गेली. वरकुट्याला एक, फलटणला एक, एक तर पार कर्नाटकात. सर प्रत्येकीच्या लग्नाला यायचे, पोटभर जेवायचे, आणि मांडवाबाहेर पडताना म्हणायचे, "आज डावा कोपरा गेला." नाहीतर, "मधली गेली." पिंकीच्या लग्नात आशीर्वादाची फुलं टाकून ते म्हणाले, "उजवा कोपरा गेला, आता काय राह्यलं?" त्यानंतर मैदानावर खरंच काही राहिलं नाही. फक्कीच्या रेषा पुसल्या गेल्या, तिथं ट्रॅक्टर उभे राहायला लागले.

पिंकी बारामतीला आली, शर्टांच्या कॉलरी शिवायला लागली. वाईट चाललं होतं असं नाही. घर होतं, नवरा शांत होता, हातात कला होती. पण पाणी प्यायला मशीन थांबवावं आणि मनात तोच घोटा यावा, असं व्हायचं. दोन प्रश्न तिला सोडत नव्हते. निकितानं तो पाय मुद्दाम टाकला होता का? आणि दुसरा, त्याहून वाईट, जो ती स्वतःशीही हळूच विचारायची, की मुद्दाम नसेलच टाकला तर? निकिताच तिच्यापेक्षा चांगली असली तर? असं झालं तर इतकी वर्षं ती जळली कशाच्या जोरावर?

म्हणून फ्लेक्स बघून तिनं ठरवलं. शाल नको, नारळ नको, गोलातला फोटोही राहू दे तसाच. गावासमोर एकदा तो डावा पाय धरायचा. निकिताला मध्यरेषा गाठू द्यायची नाही. बस्स, एवढंच पाहिजे होतं तिला, पण ते पाहिजेच होतं.

सराव करायला घरात सुयशशिवाय कोण होतं? "अहो, जरा पाय टाका," असं ती येता-जाता म्हणायची. पहिल्या दिवशी तो ओट्यापाशी आपटला, दुसऱ्या दिवशी पलंगापाशी. तिसऱ्या दिवशी तो घरात शिरताना दारातूनच म्हणाला, "आज मी दमलोय हां." पण हात जुनेच होते. त्यांना सगळं आठवत होतं.

जयंतीच्या आठवड्यात कळंबला मांडव पडला. ट्रॅक्टर हलवून मैदानावर गाद्या टाकल्या होत्या, कारण आता मुरमावर कोण खेळतं? निकिता गाडीतून उतरली तशी माणसं उठून उभी राहिली. ट्रॅकपँट, पांढरे बूट, अंगानं थोडी भरलेली, पण चाल तीच. पिंकीला बघून ती धावत आली आणि गळ्यात पडली. "पिंके! काय गं, जाड न्हाय झालीस तू!" पिंकी हसली. मनात म्हणाली, हेसुद्धा हिनंच आधी म्हणायचं.

सत्कार झाले. सर आता म्हातारे झाले होते, शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते. मग दोन बाजू केल्या. तीन-चार जुन्या इकडं, तीन-चार तिकडं, बाकी शाळेतल्या पोरी भरून घेतल्या. निकिता पलीकडच्या बाजूला गेली, तेव्हा पिंकीनं पदर कमरेला घट्ट खोचला. माईकवर शंभूराज नावाचा पोरगा होता, दर वाक्याला आवाज चढवणारा. "आणि आता मैदानात उतरत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या, फौजदार निकिताताईऽऽ!" बाकीच्या कोण उतरल्या ते त्यानं सांगितलं नाही.

पहिल्या दोन चढाया निकितानं डाव्या कोपऱ्याकडं काढल्या. एक शाळकरी पोर बाद करून गेली. दम कमी पडत होता तिचा, पण डोळे तसेच होते, सगळं मैदान एका नजरेत घेणारे. तिसऱ्या वेळी ती उजव्या कोपऱ्याकडं वळली. कबड्डी कबड्डी म्हणत जवळ आली, खांदा एकीकडं दाखवला आणि डावा पाय टाकला.

पिंकीचे हात निघाले. या वेळी कुठंच थांबले नाहीत.

घोटा हातात आला आणि तिनं अंग मागं टाकलं. निकिता पोटावर आपटली. पोरी वर पडल्या. निकितानं दात-ओठ खाऊन हात लांब केला, गादी ओरबाडली, सगळं अंग पुढं ओढलं. बोटं मध्यरेषेच्या अलीकडं राहिली आणि दम सुटला. शिट्टी झाली.

पिंकी उठली. इतक्या वर्षांचं सगळं त्या हातांत उतरलं होतं. तिनं मांडवाकडं बघितलं.

"वा वा वा!" शंभूराज माईकवर ओरडला. "याला म्हणतात मनाचा मोठेपणा! फौजदार ताईंनी आपल्या जुन्या मैत्रिणीला एक गुण भेट दिला! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. निकिता उठली, कपडे झटकले आणि लोकांना हात केला. एक शब्द बोलली नाही.

पिंकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यंतराची शिट्टी झाली तशी ती सरळ पाण्याच्या जारपाशी गेली. निकिता तिथं एकटीच पेला भरत होती.

"केवढ्यानं धरलंस गं," निकिता म्हणाली. "घोटा बघ, लालभडक झालाय."

"गुण भेट दिलास व्हय मला?"

"डोकं फिरलंय का तुझं? जीव तोडला मी. हात पोचला न्हाय."

"मग तितं का बोलली न्हाईस?"

"त्या पोराच्या नादी काय लागायचं?"

"आनि बारामतीला?" पिंकीनं रेटलं. "चाचणीला. डावाच पाय का टाकलास?"

निकिता पेला हातात धरून उभी राहिली. ठाण्यात रोज खोटं बोलणारी माणसं तिच्यापुढं यायची, त्यामुळं खोटं कसं बोलायचं हे तिला चांगलं ठाऊक असणार. ती तसं बोलली नाही.

"तू धरणार न्हाईस म्हणून."

"म्हंजे मुद्दाम."

"व्हय, मुद्दाम. मला पोलिसात जायाचं हुतं, पिंके."

"मला न्हवतं जायाचं?"

"तुला बी जायाचं हुतं," निकिता म्हणाली. "पण तुझ्या पकडीतनं सुटायला तेवढीच एक जागा दिसत हुती."

तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर पिंकीनं तिथल्या तिथं तो पेला तिच्या अंगावर ओतला असता. राग तर आलाच, डोळ्यांपुढं अंधारी येण्याइतका आला. पण त्या रागाच्या पोटात भलताच आनंद झाला, आणि तो तिला लपवता येईना. ती कमी नव्हती. समितीच्या माणसाला न कळलेलं, गावाला न कळलेलं, तिलाही नीटसं खात्रीचं नसलेलं निकिताला त्याच दिवशी ठाऊक होतं. म्हणून तर तिनं तो पाय टाकला होता.

"माईकवर सांग," पिंकी म्हणाली.

"आजचं?"

"दोनी."

निकितानं मांडवाकडं बघितलं. सरपंच, पुढाऱ्यांच्या खुर्च्या, तिच्या गाडीचा चालक हवालदार, पहिल्या रांगेत सर. तिनं पाणी संपवलं, पेला जारवर उपडा ठेवला, आणि जाऊन शंभूराजच्या हातातला माईक घेतला.

"मी गुण भेट दिला न्हाय," ती म्हणाली. "मला पिंकीनं धरलं. मला सुटता आलं न्हाय." मग तिनं बारामतीच्या चाचणीचं सगळं सांगितलं. गुडघा, सरांचा नियम, डावा पाय. "सरांचा नियम पिंकीनं पाळला, आन् मी त्याचा फायदा घेतला. तितं निवड हिची व्हायला पायजे हुती." एवढं बोलून तिनं माईक परत दिला.

पिंकी गादीच्या कडेला बसली होती. आता सगळे आपल्याकडं बघणार म्हणून तिनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता सगळा मांडव उभा राहिला. "एवढ्या मोठ्या हुद्द्यावर जाऊन एवढा खरेपणा!" सरपंच गहिवरून म्हणाले. "असे अधिकारी पाहिजेत देशाला!" शंभूराजचा आवाज कधी नव्हे इतका चढला. बायका डोळे पुसायला लागल्या. रविंद्र सर काठी टेकत उठले, निकितापाशी गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून रडले. पिंकीसोबत आलेला सुयश फोनवर सगळं चित्रित करत होता. पिंकीनं मान उंच करून बघितलं, तर त्याच्या फोनमध्येसुद्धा निकिताच होती.

म्हणजे आता लबाडीच्या टाळ्याही हिलाच.

अख्ख्या कळंबात टाळी न वाजवणारी एकटी पिंकी होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, चुकून वाजायला नकोत म्हणून.

गर्दीतून सुटून निकिता आली आणि तिच्या शेजारी गादीवर बसली. बूट काढून घोटा चोळायला लागली.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"न्हाय," पिंकी म्हणाली. "दुसरा डाव हाय अजून. ये चढाईला. त्योच पाय टाक."

"सुजलाय गं तो."

"मग उजवा टाक. मला कुठला बी चालतो."

निकितानं बूट परत पायात चढवला. मग हसली, आणि हसता हसता तिनं बुटाची नाडी घट्ट आवळली. शिट्टी झाली तशी ती उठून पलीकडं गेली. पिंकीनं तळहात गादीला पुसले आणि कोपऱ्यात जाऊन वाकून उभी राहिली.